साधा हो माणूस!

काहींच्या पत्रिकेत धनयोग असतो, काहींच्या पत्रिकेत परदेशगमनाचा योग असतो. आमच्या मेहुण्यांच्या पत्रिकेत प्रसिद्ध माणसं भेटण्याचा योग आहे. ते दादरला राहतात. कोथिंबीर आणायला म्हणून घराबाहेर पडले तरी परत येताना त्यांच्या पिशवीत एखादा नट, निदान एखादा माजी कसोटीवीर असतोच. कोथिंबीर तेवढी विसरलेली असते.

"भाऊजी, परवा काय गंमत झाली," असं म्हणून ते मांडी बदलतात, तेव्हाच मी ओळखतो की कोणीतरी भेटलेलं आहे.

"इराण्याच्या हॉटेलात बसलो होतो. समोरच्या टेबलावर कोण असावा?" (इथे एका कसोटीवीराचं नाव.) "ब्रून मस्का खात होता!"

"मग?"

"मग काय? चहात बुडवून खात होता हो! अगदी आपल्यासारखा! एवढा मोठा माणूस, पण काय साधा!"

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. प्रसिद्ध माणूस भेटल्याची मी आजवर जेवढी वर्णनं ऐकली, ती सगळी या वाक्यावर येऊन थांबतात, जशी आरती 'मंगलमूर्ती मोरया'वर थांबते. मला कळत नाही, या लोकांची अपेक्षा तरी काय असते? कसोटीवीराने ब्रून मस्का चहात न बुडवता बॅटने मारावा? गायिकेने भाजीवाल्याशी यमन रागात घासाघीस करावी? मोठा माणूस आपल्यासारखाच शिंकतो, सुट्ट्या पैशांसाठी खिसे चाचपतो, हे बघून आपल्याला एवढं बरं वाटतं, याचं कारण सरळ आहे. तो साधा निघाला की आपण आपोआप थोडे मोठे होतो. फुकटात.

मेहुण्यांचा कळस म्हणजे चप्पल. एकदा प्रभादेवीला दर्शनाला गेले असताना तिथे एक नामवंत संगीतकारही आले होते. बाहेर पडताना मेहुण्यांना आपली चप्पल सापडेना. शेजारी होती ती दुसरीच. ती घालून ते घरी आले आणि 'ही चप्पल त्यांचीच' असं त्यांनी टॅक्सीतच ठरवून टाकलं. पुढचे तीन महिने घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते आपले पाय दाखवत असत. शेवटी मेहुण्यांच्या पत्नीने ती बोहारणीला दिली. बोहारणीने घासाघीस करताना चपलेच्या सांगीतिक बाजूचा काही विचार केला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मेहुण्यांचं ऐकलं, तुमचं काय? तुम्हाला कोण भेटलं?

त्याचं असं आहे, की मी श्रीवर्धनला राहतो.

प्रसिद्ध माणूस योगायोगाने भेटायचा तर तो कुठून तरी कुठे तरी जात असावा लागतो. पनवेलला राहणाऱ्याला कोणीही भेटू शकतं, कारण अर्धा महाराष्ट्र पनवेलवरून जातो. महाडकरांनाही आशा आहे. पण श्रीवर्धन कशाच्याच वाटेत लागत नाही. मुंबई-गोवा महामार्ग माणगावला सोडायचा, उजवीकडे वळायचं, म्हसळं गाठायचं, पोटातलं पाणी ढवळून निघेल एवढी वळणं घ्यायची, की येतं श्रीवर्धन. पुढे समुद्र. इथून अजून पुढे जायचंच म्हटलं तर हरिहरेश्वर, आणि तिथे माणूस साक्षात देवाला भेटायला निघालेला असतो, तो वाटेत माझ्याशी कशाला बोलेल? रेल्वे आली तीही आम्हाला माणगावलाच सोडून कोकणात पुढे निघून गेली. थोडक्यात, श्रीवर्धनला जो येतो तो ठरवून येतो. इथे योगायोगाला यायला एस.टी.च सोयीची नाही.

नाही म्हणायला एक प्रसिद्ध माणूस आम्हाला रोज भेटतो. तो म्हणजे बाळाजी विश्वनाथ. पहिले पेशवे. (भट घराण्यातले पहिले, असं इतिहासाचे मास्तर लगेच दुरुस्त करतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.) ते मूळचे इथले. त्यांचा पुतळा आहे, आणि बाजारात जाता-येता आम्ही त्यांना बघतो. म्हणजे, आम्ही बघत नाही. गावातल्या माणसाकडे कोण बघतं? बघतात ते पर्यटक. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' सिनेमा आला आणि तेव्हापासून तर पुतळ्याची वर्दळ फारच वाढली. मागे एक कुटुंब तिथे फोटो काढत होतं. बरोबरच्या मुलाने विचारलं, "बाबा, हे कोण?"

बाबांनी पाटी वाचली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "हे रणवीर सिंगचे वडील."

मी जवळच उभा होतो. वंशावळ तशी चुकलेली नव्हती, म्हणून गप्प बसलो.

पण गंमत पाहा. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनात होते तेव्हा ते प्रसिद्ध नव्हते, आणि प्रसिद्ध झाले तेव्हा श्रीवर्धनात नव्हते. इथे ते नुसते देशमुखीवाले भट होते. मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीचा. सिद्दीशी बिनसलं आणि त्यांना गाव सोडावं लागलं. ज्यांनी त्यांना जाताना पाहिलं असेल, त्यांनी काय पाहिलं? एक गृहस्थ अंधारात घाईघाईने निघाला आहे, एवढंच. 'पेशवे चालले' असं कोणी म्हटलं नाही. 'भटांचं काही खरं दिसत नाही' असं म्हणून शेजाऱ्याने दार लावून घेतलं असेल.

दार उघडलं ते खाडीपलीकडे. आज बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने मोटारीसकट पलीकडे जाता येतं, तिथून वेळास फार लांब नाही. कासवांच्या महोत्सवासाठी लोक जातात तेच वेळास. तिथल्या भानूंच्या घरची मंडळी बाळाजींच्या अडचणीत त्यांच्याबरोबर उभी राहिली. तेव्हा बाळाजींनी म्हणे त्यांना शब्द दिला, की मला भाकरी मिळाली तर तिच्यातली चतकोर तुमची. पुढे १७१३ साली बाळाजींना पेशवेपदाची भाकरी मिळाली आणि चतकोर म्हणून भानूंच्या घरात फडणिशी आली. नाना फडणवीस त्याच घराण्यातले.

मला विचाराल तर प्रसिद्ध माणूस भेटल्याची ही महाराष्ट्रातली सर्वांत खरी गोष्ट आहे. कारण भेटला तेव्हा तो प्रसिद्ध नव्हता. भानूंनी त्याची सही मागितली नाही, त्याच्याबरोबर चित्र काढून घेतलं नाही, आणि 'एवढा मोठा माणूस, पण काय साधा!' असंही ते म्हणाले नसावेत. तो साधाच होता. वर अडचणीतही होता.

सहीवरून आठवलं. सह्या गोळा करण्याचा नाद आमच्या आजोबांनाही होता, पण त्यांचा भर एकाच सहीवर. आमच्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नात्याला जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही नोटेवर आली. आजोबा म्हणत, "एवढा मोठा माणूस, पण माझ्याकडे येतो अधूनमधून. मुक्काम तेवढा करत नाही."

पुढे १९८० साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले. ते इकडच्याच आंबेतचे, आणि श्रीवर्धन मतदारसंघातून आमदार म्हणून पूर्वीपासून निवडून येत असलेले. तेव्हा आमच्या गावात जो चमत्कार झाला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. बॅरिस्टरांबरोबर एका कपातला चहा बशीत घेऊन प्यालेले लोक आदल्या रात्री चार-पाच होते, ते सकाळी दीडशेवर गेले. काहींना तर बॅरिस्टरांनी स्वतः बशी धरली होती. १ जानेवारी १९८१ला कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला तेव्हा 'हे नाव मीच सुचवलं' म्हणणारे नुसत्या आमच्या आळीत तिघे निघाले. जानेवारी १९८२मध्ये मुख्यमंत्रिपद गेलं आणि चहा प्यालेले पुन्हा मूळ चार-पाचांवर आले. बाकीच्यांना डॉक्टरांनी चहा वर्ज्य केला असावा.

त्यानंतर मोठी माणसं श्रीवर्धनात अशी घाऊक आली ती एकदम २०२० साली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. वादळाचं नाव ठेवणाऱ्यांनी एवढं गोंडस नाव का ठेवलं ते ठेवणाऱ्यांनाच ठाऊक. दुपारच्या काही तासांत कौलं, पत्रे, विजेचे खांब, आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या वाडीत सव्वादोनशे पोफळी होत्या. संध्याकाळी आम्ही मोजल्या तर चौतीस उभ्या, त्यांतल्याही सात वाकलेल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण पोफळ लावल्यापासून पहिली सुपारी हाताला लागायला सहा-सात वर्षं जातात. ज्याचं वय सत्तरच्या पुढे आहे त्याने पोफळ कोणासाठी लावायची, हा प्रश्न त्या आठवड्यात घरोघरी होता. कोणी तो मोठ्याने विचारत नव्हतं, एवढंच.

मग ताफे येऊ लागले. ज्यांना आम्ही आयुष्यभर फक्त पेपरात पाहिलं ती सगळी माणसं प्रत्यक्ष आमच्या आळीत. आणि दैवगती अशी, की करोनामुळे एकजात सगळे तोंडाला मास्क बांधून! डोळे आणि कपाळ यांच्यावरून पुढारी ओळखायचा कसा? आमच्या शेजाऱ्यांनी रात्र जागून चार पानी निवेदन लिहिलं होतं. गाड्या थांबल्यावर त्यातल्या त्यात उंच आणि रुबाबदार मास्क बघून त्यांनी ते त्याच्या हातात दिलं आणि पायाही पडले. तो अंगरक्षक निघाला. पण तो भला माणूस. त्याने निवेदन घडी घालून वरच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "बघतो."

वाडीत येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारी, "किती झाडं गेली?" माझी आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. पहिल्या दिवशी तिने उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी ती आत निघून गेली. मला म्हणाली, "माणूस गेल्यावर कोणी विचारतं का रे, किती किलो गेला म्हणून?"

असेच आठ-दहा दिवस गेले. वीज नव्हती, फोन नव्हते, पाऊस लागला होता. एक दिवस मुंबईहून एक ट्रक आला, त्यात पत्रे, ताडपत्र्या आणि मेणबत्त्या होत्या. बरोबर पाच-सहाजण होते. त्यांतला एक वाडीच्या बेड्यातून आत आला आणि आईला म्हणाला, "आजी, जरा पाणी मिळेल?"

"मिळेल की. बस," आई म्हणाली. "त्यावर नको हो. ते आडवं पडलंय ते माझ्या सासऱ्यांनी लावलेलं. त्या धाकट्यावर बस."

तो मुकाट्याने उठून धाकट्यावर बसला. आईने त्याच्यापासून नऊ फुटांवर बैठक मारली. दोन पोफळींत आम्ही एवढंच अंतर ठेवतो. पाणी प्यायला त्याने मास्क खाली ओढला, आणि माझ्या हातातला कोयता हातातच राहिला.

नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही मला मेहुण्यांच्या पंक्तीला बसवाल. एवढंच सांगतो, की त्याच्या नाटकाला पहिल्या पाच रांगांची तिकिटं मिळवायला मुंबईत वशिला लागतो, आणि मराठी माणसाच्या घरातल्या पडद्यावर तो कधी आला नाही असं घर विरळा. आमचं घर त्यांत धरू नका. आई मालिका बघत नाही. त्यातल्या बायका दागिने घालून फोडण्या करतात हे तिला पहिल्याच दिवशी खटकलं, तेव्हापासून तिने त्या दिशेला पाठ केली आहे.

मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. 'नको' एवढाच अर्थ होता. एवढ्या मोठ्या नटाने डोळ्यांनी सांगितलेलं प्रेक्षकाला कळणार नाही तर कोणाला कळणार? मी तोंड मिटलं.

"नाव काय तुझं?" आईने विचारलं. त्याने पूर्ण नाव सांगितलं. आईवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

"कुठला?"

"गिरगावातला."

"ते झालं राहण्याचं. मूळचा कुठला?"

"राजापूरकडचे आम्ही."

"हां. आणि करतोस काय?"

"नाटकात काम करतो, आजी."

"ते ठीक. पण पोटाला?"

तो जोरात हसला. म्हणाला, "तेच पोटाला. कधी सिनेमात, कधी मालिकेत."

"म्हणजे बांधलेली नोकरी नाही," आईने निकाल दिला. "आत्ता चालू आहेत का नाटकं?"

"नाही. मार्चपासून सगळी थिएटरं बंद आहेत. कधी उघडतील सांगता येत नाही."

आई गप्प झाली. मग तिने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "अगं, तांदळाची भाकरी आहे ना? घेऊन ये. आणि कैरीचं लोणचं."

तो भाकरी खात होता आणि आई त्याला झाडं सांगत होती. किती ते नाही, कोणतं कोणी लावलं ते. हे माझ्या लग्नाच्या वर्षीचं. हे याच्या मुंजीतलं. ही रांग यांनी लावली आणि त्याच पावसाळ्यात हे गेले. आठ दिवसांत तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. तो मधे बोलला नाही. 'अरेरे' म्हणाला नाही. भाकरी संपली तरी हात न धुता तसाच ऐकत बसला होता. मग उठला, विहिरीवर पडलेल्या माडाला आम्ही चौघं हात घालत होतो तिथे पाचवा झाला, आणि चिखलाने कंबरेपर्यंत माखून निघून गेला.

तो बेड्यातून बाहेर पडतो न पडतो तोच आमच्या सौभाग्यवती धावत आल्या. भाकरी बाहेर नेऊन देतानाच त्यांनी ओळखलं होतं. मधल्या वेळात साडी बदलून झाली होती, हातात मोबाइल होता, आणि आठ दिवस वीज नसल्यामुळे मोबाइल पोळपाटाइतकाच निरुपयोगी होता. "आई, तो कोण होता कळलं का तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी त्याची सगळी नाटकं, सिनेमे आणि बक्षिसं एका दमात सांगितली.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "असेल गो मोठा. पण नाटकं बंद आहेत ना? आपली झाडं पडली तरी खाली जमीन आहे. त्याचं पोट दुसऱ्याने पडदा उघडण्यावर. एक भाकरी बरोबर बांधून द्यायला हवी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी वाडीत होती. रोपांसाठी खड्डे कुठे घ्यायचे त्याच्या काठीने खुणा करत होती.

फोन सुरू झाल्यावर मेहुण्यांना ही हकीकत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "फोटो आहे?"

"नाही."

"सही?"

"नाही."

"मग भाऊजी, कशावरून?" असं म्हणून त्यांनी विषय बदलला. व्यवसायातल्या माणसाला नवशिक्याचं कौतुक नसतं.

आता आमच्या वाडीत नव्या पोफळी आहेत. इथल्या सुपारी संशोधन केंद्राने काढलेल्या 'श्रीवर्धनी' जातीच्या. आईच्या खुणांवरच लावलेल्या. डोक्याच्या वर गेल्या आहेत, आणि आई रोज सकाळी त्यांच्याकडे वर मान करून बघते, मुलगा उंचीने बापाच्या वर गेल्यावर आयांनी बघावं तसं.

मध्ये तिला डॉक्टरांकडे न्यायचं होतं म्हणून आम्ही एस.टी. स्टँडवर बसलो होतो. समोर एक मोठा फलक लागला होता. त्यावर हसतमुखाने उभा राहून तो नट कोणता तरी मसाला वापरायला सांगत होता. आईने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"अरे, हा तो आपला नाटकवाला ना?"

"हो."

"म्हणजे लागलं काम. बरं झालं बाई," आई म्हणाली. मग शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना फलकाकडे बोट दाखवून सांगू लागली, "आमच्याकडे भाकरी खाऊन गेलाय हा. तेव्हा काही नव्हतं हो बिचाऱ्याकडे."